सरकारचे कर्ज, घरचे कर्ज आणि शिक्षणाचा खर्च: हिशेब कोणाच्या वहीत लिहिला जातो?

आपल्या पत्राचा सारांश मी असा समजतो. आपण बडोद्यात खासगी नोकरी करता आणि नियमित प्राप्तिकर भरता. मुलीला सेल्फ फायनान्स, म्हणजे विनाअनुदानित, महाविद्यालयात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला असून चार वर्षांच्या शिक्षणासाठी सुमारे आठ लाख रुपयांचे कर्ज काढावे लागणार आहे. सरकारवरील कर्ज वाढत असल्याच्या बातम्या आपण वाचता, निवडणुकांच्या आगेमागे जाहीर होणाऱ्या थेट रकमांच्या योजना पाहता, आणि विचारता की आपल्या कराचे होते काय, सरकारने कर्ज काढणे थांबवलेलेच बरे नाही का, आणि मुलीसाठी हे कर्ज काढावे की नाही. मी सनदी लेखापाल आहे. दांडिया बाजारातील माझ्या कार्यालयात शिक्षणसंस्थांच्या विश्वस्त मंडळांचे लेखापरीक्षण हे बरीच वर्षे मुख्य काम राहिले आहे, त्यामुळे या तीन प्रश्नांकडे मी एकाच बाजूने पाहतो: खर्च कोणाच्या वहीत लिहिला जातो आणि त्यावरचे व्याज कोण भरतो.

प्रथम आकडे पाहू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या अंदाजानुसार एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये आहे. त्यातील १२.७६ लाख कोटी केवळ व्याजापोटी जातात. वित्तीय तूट, म्हणजे त्या वर्षी नव्याने काढावयाचे कर्ज, १५.६९ लाख कोटी, अर्थात सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.४ टक्के आहे. महसुली तूट ५.२४ लाख कोटींची आहे. म्हणजे नव्या कर्जाच्या प्रत्येक रुपयातले सुमारे ३३ पैसे रोजच्या खर्चासाठीच उचलले जातात आणि उरलेले मालमत्ता उभारणीकडे किंवा कर्जाऊ रकमांकडे वळतात. शिक्षण मंत्रालयाची तरतूद सुमारे १.२८ लाख कोटी आहे. ‘व्याजावर शिक्षणाच्या दहापट खर्च’ हे वाक्य यावरूनच तयार होते. गणित म्हणून ते बरोबर असले तरी चित्र म्हणून अर्धेच खरे आहे, कारण शाळा चालवण्याचा मोठा भार राज्ये उचलतात आणि तो केंद्राच्या अर्थसंकल्पात दिसत नाही.

सरकारने कर्जच काढू नये, हे मत मला मान्य नाही. घरच्या खर्चाशी सरकारची तुलना आपण सारेच करतो, पण कुटुंबप्रमुख निवृत्त होतो, सरकार होत नाही. जुने रोखे मुदतीला आले की ते नवे काढते, आणि कर बसवण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. म्हणून कर्जाचा आकडा एकट्याने पाहून काहीच कळत नाही. ते कशासाठी घेतले आणि ज्यासाठी घेतले ते व्याजाच्या मुदतीइतके तरी टिकले का, हे पाहावे लागते. आपल्याच शहरातले उदाहरण घ्या. बडोदा महानगरपालिकेने २०२२ मध्ये ७.१५ टक्के व्याजाने १०० कोटींचे रोखे बाजारात आणले. महापालिकेचे पतमानांकन होते, हिशेब गुंतवणूकदारांसमोर मांडावे लागले, पैसा कशाला लागणार हे आधी सांगावे लागले. रोखे विकण्यासाठी जितके उघड व्हावे लागते तितके उघड होण्याची वेळ महापालिकेवर एरवी क्वचितच येते. असे कर्ज मला बिनकर्जाच्या पण अपारदर्शक कारभारापेक्षा बरे वाटते.

या गावाला तर हे शिकवायलाच नको. मल्हारराव गायकवाड १८७५ मध्ये पदच्युत झाले तेव्हा संस्थानची तिजोरी खिळखिळी झालेली होती. सोन्याच्या तोफा होत्या, घडी मात्र विस्कटलेली होती. सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी परंपरेतले मुत्सद्दी दिवाण म्हणून आले आणि त्यांनी आधी जमाखर्चाला शिस्त लावली. त्या शिस्तीवर पुढे सयाजीरावांनी जे उभे केले ते पाहा: १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्ती. मुले शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे, आणि गरिबाला तो जाचक होता हे मान्य केलेच पाहिजे. पण शाळेचा खर्च मात्र संस्थानच्या वहीत लिहिला जाई. पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्यासमोर होता. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांच्या कारणांत पैशाची अडचण होतीच. जे एक संस्थान आपल्या महसुलातून करत होते ते संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानला परवडत नव्हते, असे मानायचे झाले तर तो पैशाचा प्रश्न नव्हता, क्रमवारीचा होता.

आता आपल्या मूळ तक्रारीकडे येतो. कोठारी आयोगाने (१९६४-६६) राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी असे सुचवले. १९६८ च्या धोरणाने ते उद्दिष्ट स्वीकारले आणि २०२० च्या धोरणाने पुन्हा तेच म्हटले. मधल्या काळात सर्व पक्षांची सरकारे येऊन गेली आणि ते उद्दिष्ट एकदाही गाठले गेले नाही. याला राजकीय इच्छाशक्तीचा अभाव म्हणून सोडून देणे सोपे आहे. लेखापाल म्हणून मला त्यामागे एक हिशेबी कारणही दिसते आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

सरकारी हिशेबात ‘२२०२ सामान्य शिक्षण’ हे खर्चाचे मुख्य शीर्ष आहे आणि ते महसुली खर्चात मोडते. शिक्षकाचा पगार तिथे पडतो. शाळेची इमारत ‘४२०२’ या भांडवली शीर्षाखाली जाते. कर्ज भांडवली कामांसाठीच घ्यावे, महसुली तूट शून्याकडे न्यावी, हा वित्तीय शिस्तीचा नियम २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यातून आपल्याकडे रुजला. नियम योग्यच आहे. रस्ता, धरण, वीजकेंद्र यांना तो चपखल बसतो. पण शिक्षणाच्या बाबतीत खरी मालमत्ता वर्गात उभा असलेला शिक्षक ही असते आणि हिशेबाच्या पद्धतीत तीच ‘उपभोग’ ठरते. परिणाम असा की, तूट कमी दाखवायची असेल तर भरती पुढे ढकलणे हा सर्वांत सोपा मार्ग उरतो. इमारत बांधली, संगणकाची खोली सजवली, तर खर्च भांडवली ठरतो, वर फीतही कापता येते. रिकाम्या पदाचे उद्घाटन होत नसते.

गुजरातने यावर काढलेली तोड आपण पाहिलीच आहे. १९९८ पासून ‘विद्या सहायक’ म्हणून प्राथमिक शिक्षक पहिली पाच वर्षे ठरावीक पगारावर, म्हणजे इथल्या भाषेत ‘फिक्स पगारावर’, नेमले जाऊ लागले. २०२३ मध्ये ‘ज्ञान सहायक’ आले. त्यांचा करार अकरा महिन्यांचा आणि मानधन प्राथमिकला २१,०००, माध्यमिकला २४,००० तर उच्च माध्यमिकला २६,००० रुपये. गुजरातच्या कर्जाचे राज्याच्या उत्पादनाशी असलेले प्रमाण मोठ्या राज्यांतल्या कमी प्रमाणांपैकी एक गणले जाते, आणि याचा अभिमान वाटण्यात गैर काही नाही. पण त्या बचतीतला काही भाग अशा करारांतून आलेला आहे हे विसरून चालणार नाही. शिक्षकाने अकराव्या महिन्यानंतर काय करायचे, याची तरतूद कोणत्याच शीर्षाखाली नसते.

उच्च शिक्षणात हेच अधिक उघडपणे घडले. १९९० च्या दशकानंतर नवी व्यावसायिक महाविद्यालये बहुतांशी सेल्फ फायनान्स तत्त्वावर निघाली; सरकारने मान्यता दिली, अनुदान दिले नाही. आयआयटीची वार्षिक शिकवणी फी २०१३ मध्ये ९०,००० रुपये झाली आणि २०१६ मध्ये ती थेट दोन लाखांवर गेली. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफी, एक लाखापेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांना पूर्ण माफी आणि पाच लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफी अशी त्यात सोय होती, ही न्याय्य गोष्ट. मात्र सहा लाखांचे घर आणि साठ लाखांचे घर एकाच रांगेत आले. पुढे २०१७ मध्ये तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्रालय (आजचे शिक्षण मंत्रालय) व कॅनरा बँक यांच्या भागीदारीत ‘हेफा’ ही वित्तसंस्था स्थापन झाली. केंद्रीय संस्थांना इमारती व प्रयोगशाळांसाठी पूर्वी अनुदान मिळे. आता तिथून कर्ज मिळू लागले. जुन्या तांत्रिक संस्थांनी मुद्दल स्वतःच्या उत्पन्नातून फेडायचे आणि व्याज सरकारने द्यायचे, अशी रचना ठरली. संस्थेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे प्रामुख्याने फी, हे सांगायची गरज नाही. केंद्राची तूट तेवढी कमी दिसली, संस्थेच्या ताळेबंदात कर्ज आले आणि ते फेडायला विद्यार्थी आला.

एकूण खर्च यातून कमी झाला नाही, वही बदलली. आणि ज्याच्या वहीत तो आला तो या साऱ्या साखळीतला सर्वांत दुबळा ऋणको आहे. केंद्र सरकारला दहा वर्षांच्या रोख्यांवर साधारण साडेसहा ते सात टक्क्यांनी पैसा मिळतो. सार्वजनिक बँकांचे शैक्षणिक कर्ज बहुधा साडेआठ ते साडेदहा टक्क्यांच्या पट्ट्यात पडते, बिगरबँक वित्तसंस्थांचे त्याहून महाग असते. आपल्याच आठ लाखांवर गणित मांडू. दर वर्षाच्या सुरुवातीला दोन लाख उचलले, दर १० टक्के धरला, शिक्षणाची चार वर्षे आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नाही व त्या काळात सरळ व्याज, असे मानले तर हप्ता सुरू होण्याच्या दिवशी देणे १० लाख ८० हजार होते. दहा वर्षांत फेडल्यास मासिक हप्ता सुमारे १४,२७० रुपये आणि एकूण परतफेड १७ लाखांच्या थोडी वर. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता ११,६०० च्या आसपास उतरतो, पण एकूण रक्कम २० लाख ९० हजारांपर्यंत जाते. हेच शिक्षण सात टक्क्यांच्या पैशाने झाले असते तर दहा वर्षांच्या मुदतीत एकूण परतफेड १३ लाख ९० हजारांजवळ थांबली असती. हा सव्वातीन लाखांचा फरक शिक्षणाचा खर्च नव्हे. तो खर्च चुकीच्या वहीत लिहिल्याचा खर्च आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या पालकांनी भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमा आणि मोडलेल्या ठेवी यांचा तर कुठल्याच तुटीच्या आकड्यात उल्लेख येत नाही.

कराचे काय होते, याचे उत्तर देताना उपकराचा, म्हणजे सेसचा, विषय टाळता येत नाही. २००४ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी दोन टक्के उपकर आला, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का, आणि २०१८ मध्ये दोन्ही मिळून ‘आरोग्य व शिक्षण’ असा चार टक्के झाला. पहिले दोन एका आघाडीने लावले आणि तिसरा दुसऱ्या आघाडीने, म्हणून यात पक्ष पाहू नये. माध्यमिक व उच्च शिक्षणाचा उपकर २००७ पासून वसूल होत असताना त्यासाठीचा स्वतंत्र कोष मंजूर व्हायला २०१७ साल उजाडले. आणखी एक गोष्ट: घटनेच्या २७० व्या अनुच्छेदानुसार उपकर राज्यांबरोबर वाटून घेतला जात नाही. शाळा राज्याने चालवायच्या आणि शाळेच्या नावाने गोळा केलेली रक्कम केंद्राकडे राहायची, तिथून योजनांच्या अटींसह परत यायची. केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाची ही वाटणी किती जुनी डोकेदुखी आहे ते पाहायचे असेल तर बाबासाहेब आंबेडकरांच्या कोलंबियातील प्रबंधाचा विषय आठवावा: ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्था. ते १९१३ मध्ये तिथे गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि ग्रंथरूपात तो प्रबंध त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला.

थेट रकमांच्या योजनांबद्दल माझे मत आपल्यापेक्षा थोडे वेगळे आहे. गुजरातची २०२४ ची ‘नमो लक्ष्मी’ योजना नववी ते बारावीच्या मुलींना चार वर्षांत एकूण ५०,००० रुपये देते आणि त्यासाठी हजेरीची अट घालते. मुलगी शाळेत टिकावी म्हणून दिलेल्या पैशाला मी खैरात म्हणणार नाही. अनेक घरांत दहावीनंतरचा निर्णय तेवढ्याच रकमेवर फिरतो. माझा आक्षेप निराळा आहे. योजनेला नाव असते, खात्यात जमा झालेल्या पैशाचा संदेश मोबाईलवर येतो, आणि मतदाराला तो दिसतो. ज्या शाळेत ती मुलगी जाते तिथे गणिताचा कायम शिक्षक आहे का, हे कोणाच्या मोबाईलवर येत नाही. त्यामुळे पहिल्या खर्चाला राजकीय वारस मिळतो आणि दुसरा पोरका राहतो. या दोहोंतून एक निवडायची वेळ आली तर मी शिक्षक निवडेन, आणि पक्ष कोणताही असो, त्याच्या जाहीरनाम्यात आधी तेच शोधेन.

आता फीच्या नियमनाचा भाग, कारण तिथे आपल्याला प्रत्यक्ष काही करता येण्यासारखे आहे. खासगी शाळांसाठी गुजरातमध्ये २०१७ चा कायदा आहे. ठरलेल्या रकमेपेक्षा (प्राथमिकला वर्षाला १५,००० रुपये) जास्त फी घेणाऱ्या शाळेला विभागीय फी नियमन समितीकडे, म्हणजे एफआरसीकडे, हिशेब घेऊन जावे लागते. बडोदे हा त्यातला एक विभाग. व्यावसायिक महाविद्यालयांसाठी वेगळी समिती असून ती तीन-तीन वर्षांच्या टप्प्यासाठी फी ठरवते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात संस्थेला वाजवी शिल्लक ठेवण्याचा अधिकार दिला, नफेखोरी आणि कॅपिटेशन फी यांना मनाई केली. ‘वाजवी’ किती, हे मात्र शेवटी ताळेबंदावर ठरते.

असे ताळेबंद तपासताना मी तीन नोंदींपाशी थांबतो. पहिली जागेच्या भाड्याची: इमारत विश्वस्तांच्याच नात्यातल्या कंपनीची असते आणि विश्वस्त मंडळ तिला भाडे देते, ते बाजारभावाने आहे की नाही हे विचारावेच लागते. दुसरी इमारतीच्या कर्जावरील व्याजाची. हे व्याज फीच्या हिशेबात खर्च म्हणून धरले गेले, शिवाय घसारा, म्हणजे इमारतीची वार्षिक झीज, धरला गेला आणि वर विकास निधीही घेतला गेला, तर आजचे विद्यार्थी एकच इमारत तीनदा विकत घेतात आणि मालकी कायमची विश्वस्त मंडळाकडे राहते. तिसरी पगाराची: पत्रकावर दाखवलेली रक्कम आणि शिक्षकाच्या हातात पडणारी रक्कम यांत फरक असल्याच्या कुजबुजी या क्षेत्रात सतत ऐकू येतात, म्हणून मी बँकेतून गेलेले पगार आणि भविष्य निर्वाह निधीचा भरणा जुळवूनच पुढे जातो. बहुतेक संस्था या कसोटीला उतरतात. ज्या उतरत नाहीत त्यांचा गैरव्यवहार सहसा नियमबाह्य नसतो, नियमाच्या कडेकडेने चाललेला असतो. समितीने मंजूर केलेली फी जाहीर असते. आपण प्रवेशाआधी तो आकडा पाहावा आणि त्यापलीकडची रक्कम मागितली गेली तर पावती मागावी. पावती मागितल्यावर बऱ्याच रकमा आपोआप ‘ऐच्छिक’ होतात.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. कर्ज काढावे, पण काही गोष्टी पाहून. पहिल्यांदा संस्था ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेच्या यादीत आहे का ते तपासा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत निवडक ८६० संस्थांपासून सुरुवात झाली. त्यात तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल व अन्य सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात तीन टक्के व्याजसवलत मिळू शकते. उत्पन्न सहा लाखांच्या आत असेल आणि बारावीच्या निकालात ८० पर्सेंटाईल असेल तर राज्याची ‘मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना’ अभियांत्रिकीच्या फीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत मदत करते. पण ही मदत आणि केंद्राची सवलत बरोबर मिळणार नाहीत, तेव्हा दोन्हींचे पाच वर्षांचे गणित कागदावर मांडूनच अर्ज करावा. संस्था यादीत नसेल तर बँकांच्या नेहमीच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारणाची गरज पडत नाही. आपली मागणी आठ लाखांची आहे, म्हणजे वरच्या ५०,००० साठी संपूर्ण कर्ज तारणात अडकेल. तेवढी रक्कम पहिल्या वर्षी स्वतः भरा आणि कर्ज साडेसातच्या आत ठेवा.

कर्ज मुलीच्या नावावर आणि आपण सहकर्जदार, अशीच रचना असू द्या. अनेक सार्वजनिक बँका मुलींना अर्धा टक्का सवलत देतात, आणि शिक्षणाच्या काळातच व्याज भरत गेल्यास बऱ्याच ठिकाणी आणखी एक टक्का सवलत मिळते. ही दुसरी सवलत बँक स्वतःहून सांगेलच असे नाही, मंजुरीपत्रात लिहून घ्या. वर मांडलेल्या उदाहरणात पहिल्या वर्षी व्याज महिन्याला सुमारे १,६७० रुपये आणि चौथ्या व नंतरच्या बिनहप्त्याच्या वर्षी ६,६७० रुपये येते. आपल्या पगारातून ते झेपत असेल तर हप्ता १० लाख ८० हजारांवर न बसता आठ लाखांवर बसेल. प्राप्तिकराच्या ८०ई कलमाखाली व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते, मात्र फक्त जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली आता आपोआप लागू होत असल्याने ज्या वर्षी व्याज भराल त्या वर्षी दोन्ही प्रणालींचा कर काढून पाहा आणि विवरणपत्र भरण्याआधी पर्याय निवडा.